आधी ओल, मग रेक्झिन: जुन्या मारुती ८०० च्या आतल्या कामाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

गाडी मारुती ८००, २००६ सालची, एमएच ०७, म्हणजे सिंधुदुर्गची. इंजिनाची तक्रार नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते यंत्र बाबांनी वेळच्या वेळी ऑइल बदलत जपलंय. आतली अवस्था मात्र वाईट. पुढच्या दोन्ही दारांची पॅडं, म्हणजे आतली आवरणं, खालून फुगून सुटलीत. ड्रायव्हरच्या सीटची शिवण मांडीखाली उसवून फोम बाहेर आलाय. पुढे डावीकडे पायाखालचं कार्पेट दाबलं की पाणी वर येतं. सीटबेल्टवर, छताच्या रेक्झिनवर आणि मागच्या सीटच्या पाठीवर बुरशीचे ठिपके. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण एका बाजूने लोंबतंय, स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर तडकलंय.

कुडाळला एका कुशनवाल्याला दाखवली. "ताई, ह्या सगळा काढून टाका. नवीन सेट घालतंय, मॅटिंग घालतंय, दोन दिवसात गाडी चकाचक." भाव बारा हजार. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०२१ मध्ये, पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली होती. म्हणजे २०२६ पर्यंत निश्चिंती, त्यापुढचं त्यापुढे. अशा गाडीवर बारा हजार घालायला माझा हात धजत नाही. मर्यादा तीन हजार ठरवली.

पैशांपेक्षाही मला खटकलं ते मॅटिंग. ओल्या कार्पेटवर रेक्झिनचं मॅटिंग चिकटवलं की ओल खाली कोंडते आणि वरून सगळं छान दिसत असताना पत्रा कुजत राहतो. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथल्या गाडीचा आतला भाग वापराने झिजतो त्याहून जास्त पाण्याने जातो. म्हणून क्रम असा ठेवलाय: पाणी कुठून येतं ते शोधायचं, ते बंद करायचं, सगळं वाळवायचं आणि मगच चिकटवणं, शिवणं. कापड-रेक्झिनच्या दुकानात तोवर पाऊल टाकायचं नाही.

नवीन पॅड विकत घ्यायचा विचार आधीच सोडला. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. इंजिनाचे, ब्रेकचे भाग अजून सहज मिळतात, पण आतल्या सजावटीचे भाग म्हटलं की दुकानदार जुन्या बाजाराकडे बोट दाखवतो. तो बाजार कोल्हापुरात. घाट चढून-उतरून जाण्याचं पेट्रोलच पॅडपेक्षा महाग.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पुढची दोन्ही पॅडं उतरवली. काच वर-खाली करायच्या हँडलला बाहेरून स्क्रू दिसत नाही. आत तारेची क्लिप असते, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची. हत्यार लागत नाही. सुती फडक्याची पट्टी हँडल आणि पॅड यांच्या फटीत घालायची आणि दोन्ही टोकं धरून डावी-उजवीकडे ओढत राहायची. फडकं क्लिपच्या टोकांत अडकतं आणि ती उडून बाहेर येते. खरोखरच उडते, म्हणून दुसरं फडकं वर पसरून ठेवावं. नाहीतर ती सीटच्या रुळात जाऊन बसते.

मग ओढायच्या हँडलचे दोन स्क्रू, आतल्या खिटीची चौकट, आणि कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा. क्लिपा स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्या तर हार्डबोर्डाचं भोकच फाटतं. नारळ सोलताना करतात तसा एका जागी जोर न लावता कडेकडेने गेलं की पॅड शाबूत सुटतं. मी लाकडी चपटा चमचा अगदी क्लिपच्या बुडाशी नेऊन वापरला.

पॅडामागे जे दिसलं त्याने अर्धा उलगडा झाला. दाराच्या पत्र्यावर कारखान्यातून प्लास्टिकचा कागद लावलेला असतो. काचेच्या बाहेरच्या रबरातून थोडं पाणी दारात उतरतंच. ते उतरावं आणि दाराच्या बुडाच्या भोकांतून बाहेर जावं अशीच ती रचना आहे. प्लास्टिक असतं ते हे पाणी पॅडापर्यंत पोचू नये म्हणून. आमच्या दारांत ते प्लास्टिक खालून फाटलेलं, कधीतरी स्पीकर बसवताना कोणीतरी ब्लेडने कापलेलं, आणि बुडाची भोकं लाल मातीने लिंपलेली. दार हलवलं तर आत पाणी डुचमळताना ऐकू आलं. तारेने भोकं मोकळी केली. डाव्या दारातून तांबडं पाणी निघालं ते बादलीचा तळ झाकेल इतकं.

हार्डबोर्ड म्हणजे लाकडाचा दाबलेला भुसा. त्याने पाणी प्यालं की तो फुगतो, थर सुटतात आणि क्लिपांची भोकं फाटतात. पॅड सुटण्याचं कारण एवढंच. नुसत्या नव्या क्लिपा लावल्या असत्या तर पुढच्या आषाढात पुन्हा हेच.

२० ऑक्टोबर, रविवार

दोन्ही पुढच्या सीटा काढल्या. चार-चार बोल्ट, त्यातला एक गंजून बसलेला. रात्रभर तेल सोडून ठेवलं होतं, सकाळी सुटला. या गाडीला एअरबॅग नाही म्हणून हे घरी करायला हरकत नाही. नव्या गाड्यांच्या सीटमध्ये एअरबॅग असू शकते, खाली पिवळ्या वायरी दिसल्या तर हात लावू नये.

कार्पेट निघालं. खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा जाड थर, काळा चिखल झालेला. कार्पेट खळ्यात पसरून विहिरीच्या पाण्याने धुतलं, पुन्हा पुन्हा. शेजारचे आबा कुंपणापलीकडून बघत होते. "काय गो, गाडी धुतंस काय बुडयतंस?"

पण बुडवणंच गरजेचं होतं. चिवल्याला, तारकर्लीला समुद्रात पाय भिजवून लोक तसेच गाडीत बसतात आणि मीठ कार्पेटात उतरतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात इथे आर्द्रता महिनोन्महिने त्याच्या वर असते. म्हणजे खारं कार्पेट कितीही उन्हात घातलं तरी संध्याकाळी पुन्हा ओलसर. मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढल्याशिवाय ते वाळत नाही.

दुपारी गाडीच्या पत्र्यावर नळीने पाणी मारून पाहिलं. आधी दारांच्या रबरांवर आतून टाल्कम पावडर भुरभुरली. पाणी शिरलं तर पावडरीवर ओघळ उठतो. खालून वर जायचं: आधी दारं, मग समोरच्या काचेचं बूड, शेवटी टप. सगळ्यात वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडेच वाहतं आणि काही कळत नाही. काचेच्या बुडाशी बॉनेटखालच्या खाचेत आंब्याची कुजलेली पानं होती, ती उपसली. पावडर सगळीकडे कोरडी. डाव्या पायाकडे एक थेंब नाही.

मग इतकं पाणी येतं कुठून?

२७ ऑक्टोबर, रविवार

एसी. आज गाडी जागेवर उभी करून एसी चालू ठेवला आणि उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र पसरलं. बाहेर गाडीखाली थेंब पडायला हवेत, ते पडेनात. थोड्या वेळाने आत डॅशबोर्डखालून कागदावर टपटप सुरू झाली.

एसीचा थंड होणारा भाग हवेतली वाफ पकडतो आणि ते पाणी एका बारीक नळीने बाहेर जातं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे पाणी भरपूर निघतं. आमची नळी बाहेरच्या तोंडाशी गच्च बंद होती. तारेने टोकरलं तर वाळलेल्या मातीचे तुकडे, आणि त्यात कोळ्यांचे सांगाडे! कुंभारीण माशीचं घर. ही माशी बारीक भोकं हेरते, आत कोळी कोंबते आणि तोंड मातीने लिंपून टाकते. नळी साफ केल्यावर पाणी बदाबदा गाडीखाली पडलं. नळीच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा तारेने बांधला. तो शेवाळाने तुंबू शकतो, म्हणून दर महिन्याला नजर टाकायची.

खर्च शून्य. कुशनवाल्याच्या बारा हजारांत ही नळी नव्हती.

पत्र्यावर डाव्या बाजूला रबरी बुचाभोवती गंजाचा वरवरचा थर आहे, आरपार नाही. तारेच्या ब्रशने घासला, रेड ऑक्साइड मारलं, दोन दिवसांनी वर ऑइलपेंट.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. पाहुणे. काम काही नाही, फक्त बुरशी काढली. नाकाला फडकं बांधून, दारं चारी उघडी टाकून. छताचं रेक्झिन आणि सीटची पाठ साबणाच्या कोमट पाण्याने पुसली, वाळल्यावर टाकणखाराच्या पाण्याचा हात फिरवला. टाकणखाराने बुरशी परतून यायला वेळ लागतो. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून, चिमट्याने अडकवून, साध्या साबणाने धुतले आणि सावलीत वाळेपर्यंत आत सोडले नाहीत. बेल्टला ब्लीच अजिबात लावायचं नाही, त्याने धागा कमकुवत होतो.

१० नोव्हेंबर, रविवार

दारांची पॅडं. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त रस होता तो यात.

पॅडं गेले तीन आठवडे माळ्यावर दोन फळ्यांमध्ये, वर जांभ्याचे चिरे ठेवून दाबली होती. वाळली, बरीचशी सरळही झाली. खालची चार बोटं मात्र भुसभुशीत. नवीन पॅडं कापायची तर कशाची? ४ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड जड आणि महाग. पाट्या रंगवणाऱ्याकडे सनबोर्डचे, म्हणजे फोमसारख्या हलक्या प्लास्टिकच्या फळीचे, तुकडे फुकट मिळत होते, पण बंद गाडी उन्हात साठ अंशांच्या वर सहज तापते आणि सनबोर्ड तेवढ्यात वाकतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला एसीपी बोर्ड वाकत नाही, कुजत नाही, पण त्याची कापलेली कड सुरीच असते. गुडघ्याशेजारी मी तो लावणार नाही.

उत्तर बंदरावर मिळालं. होड्यांना फायबर करणाऱ्या एका काकांकडे गेले. पॅड हातात घेऊन त्यांनी नखाने दाबून पाहिलं. "बाय, सुकलेला आसा मां? ओला असला तर रेझिन धरूचा नाय, वरच्यावर सोलान येतला." मग म्हणाले, सुटलेला भाग कापून टाक आणि मागून चटईची पट्टी मार.

तसंच केलं. रेक्झिनची मागे दुमडलेली कड हलक्या हाताने सोडवली. भुसभुशीत भाग ब्लेडने काढला आणि तेवढ्याच जाडीची हार्डबोर्डाची पट्टी बसवली. मग मागच्या पूर्ण बाजूला पॉलिस्टर रेझिनचा हात, आणि सांध्यावर व क्लिपांच्या भोकांवर काचेच्या धाग्याच्या चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून. कडा विशेष पाजल्या, कारण हार्डबोर्ड पाणी पितो तो कडांनी. घट्ट झाल्यावर क्लिपांची भोकं ड्रिलने नव्याने पाडली. आता तिथे क्लिप खेचली तर क्लिप तुटेल, भोक नाही.

रेझिनबद्दल काकांनी बजावलेलं लिहून ठेवते. हार्डनर शेकडा एक-दोन टक्केच, आणि ऊन कडक असेल तर त्याहूनही हात आखडता. थोडं थोडं कालवायचं, डब्यातच तापून दगड होतं. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) घातलेलं तयार रेझिनच घ्यायचं. कोबाल्ट वेगळा आणून तो थेट हार्डनरमध्ये कधीही मिसळायचा नाही, स्फोट होतो. वास डोक्यात जातो, म्हणून काम उघड्यावर, हातमोजे घालून.

उजव्या पॅडाचं रेक्झिन कोपराखाली फाटलेलं. एकच बदललं तर दोन दारं दोन रंगांची दिसतील, म्हणून दोन्हीला नवीन. आज पहिल्यांदा रेक्झिन घेतलं, सव्वा मीटर. चिकटवायला पांढरा फेविकॉल नाही, तो पाण्याने मऊ पडतो. रबरी, पिवळा, वासाचा घेतला. दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. संध्याकाळी दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि जोड वरवरचा होतो. रेक्झिन आधी उन्हात ठेवलं की मऊ होऊन कोपऱ्यांवर सुरकुती न पडता ताणलं जातं.

१७ नोव्हेंबर, रविवार

दारांना नवीन प्लास्टिक. बागायतदार वापरतात तो जाड कागद, जुन्या प्लास्टिकवरून बेतून. चिकटवायला बुटिलची काळी पट्टी, ती वाळत नाही आणि पॅड पुन्हा काढायचं झालं तर सोलून परत लावता येते. प्लास्टिकचं खालचं टोक दाराच्या खाचेत आत वळवलं, म्हणजे त्यावरचा ओघळ दारातच पडतो. बाहेर राहिलं तर सगळी मेहनत फुकट.

मग प्लास्टिकचे तुटके भाग. चिकटवण्याआधी मागची अक्षरं वाचायची, त्यावरून प्लास्टिकची जात कळते. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणामागे पीपी (पॉलिप्रोपिलीन) कोरलेलं, स्टिअरिंगखालच्या कव्हरमागे एबीएस. दोन्हींचे उपाय वेगळे.

एबीएस सरळ. तड जुळवून फेविक्विक सोडलं, मागून खाण्याचा सोडा भुरभुरला, वर पुन्हा थेंब. सोड्यावर ते क्षणात घट्ट होतं आणि कानशीने घासता येतं.

पीपीला मात्र नेहमीचा कुठलाच डिंक धरत नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं. फुटक्या डब्याच्या बुडाला त्रिकोणात ५ हा आकडा होता, म्हणजे तोही पीपी. त्याच्या पट्ट्या कापल्या, सोल्डरिंगच्या टोकाने स्टीलच्या जाळीचा बारीक तुकडा बिजागरीच्या मागे दाबून बसवला आणि वर पट्ट्या वितळवत भरल्या. दिसायला ओबडधोबड आहे, पण ती बाजू आत आहे. २ आकड्याचा डबा चालला नसता, ते वेगळं प्लास्टिक.

डॅशबोर्डला फक्त ओलं फडकं. चमक आणणारं पॉलिश नको, काचेवर त्याची चकाकी पडते आणि त्यातल्या सिलिकॉनवर पुढे कधी काही चिकटत नाही. बाबांनी पूर्वी खोबरेल लावलेलं होतं. ते खवट होऊन त्यावर धुळीचा राप बसला होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. सकाळी लवकर जाऊन बोटाला शाई लावून आले, दिवस सीटसाठी मोकळा.

कव्हर खालच्या तारेला धातूच्या रिंगांनी अडकवलेलं असतं. रिंगा गंजून गेलेल्या, पकडीने कापल्या. शिवणीत जुना दोरा हात लावताच पिठासारखा. जाळी शिवायचा नायलॉनचा दोरा आमच्या गल्लीत कोणाकडेही मागितला तरी मिळतो. तोच, दाभणाने, जुन्या भोकांतूनच. नवीन भोकं पाडली की रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं तिथेच फाटतं. उसवलेल्या जागी मागून कापडाची पट्टी चिकटवून मग शिवण घातली.

फोम खालच्या तारांवर घासून कातरला गेलेला. जाणकार फोम आणि तारांमध्ये गोणपाट घालतात. इथे गोणपाट ओल धरून वर्ष-दोन वर्षांत कुजतं, म्हणून खताची विणलेली प्लास्टिकची पिशवी घातली. ती करकरते, त्यावर उपाय म्हणून जुन्या चादरीचा एक थर. वर इंचभर जाड फोमचा तुकडा, जिथे खड्डा पडला होता तिथेच. पूर्ण सीटवर घातला असता तर बाबांचं डोकं छताला लागलं असतं. रिंगांच्या जागी केबल टाय. त्यांची कापलेली टोकं खालच्या बाजूला वळवली, वर राहिली तर टोचतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

जोडणी. नमदा नवीन, कार्पेट तेच. नमदा पत्र्याला चिकटवला नाही, नुसता ठेवला. पुढच्या पावसाळ्यात कोपरा उचलून हात लावता आला पाहिजे.

खर्च: रेझिन-हार्डनर १५० (चटईचे तुकडे काकांनी तसेच दिले), रेक्झिन ४००, रबरी फेविकॉल २६०, क्लिपा १८०, प्लास्टिक ६०, बुटिल पट्टी २८०, रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट २१०, फोम २५०, नमदा ३५०, टाकणखार वगैरे ६०, केबल टाय ५०. एकूण २,२५० रुपये. रेक्झिन आणि फोम, म्हणजे डोळ्यांना दिसणारा भाग, त्यातले फक्त ६५०.

रंग जुन्याशी तंतोतंत जुळलेला नाही. दारं मागच्या सीटपेक्षा एक छटा गडद आहेत. आईला ते आल्याआल्या दिसलं, बाबांना अजून दिसलेलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

कुडाळ, सावंतवाडी अशा फेऱ्या झाल्या. एसी लावून थांबलं की गाडीखाली पाणी पडतं, नमदा कोरडा. उजव्या पॅडाचा पुढचा कोपरा केसभर उचलला होता, तिथे क्लिप नीट बसली नव्हती, दाबली, बसली. कुबट वास नव्वद टक्के गेला. उरलेला मागच्या सीटच्या फोममध्ये असावा, तो मार्चच्या उन्हात काढून बघू.

मागच्या दारांची पॅडं फुगलेली नाहीत, पण त्यांच्यामागचं प्लास्टिकही अठरा वर्षांचंच आहे. पुढच्या रविवारी ती उघडते. बुटिलची पट्टी अर्धी उरली आहे, दोन दारांना पुरेल.